चौथीच्या बाईंची नाडी

भीती मोजता येते यावर माझा पूर्ण विश्वास होता. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो, दुधातलं पाणीसुद्धा मोजता येतं; मग भीतीनेच काय असं घोडं मारलंय! प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना गणित शिकवण्याची किती धास्ती वाटते हे मी मोजणार होते, आणि तेही दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षं खपून मी चोवीस विधानांची प्रश्नावली तयार केली होती. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन: अजिबात नाही, थोडी, मध्यम, बरीच, खूप. हव्या त्या चौकोनात खूण करायची की झालं. मी मूळची भौतिकशास्त्राची. चौकोन दिसला की मला सुरक्षित वाटतं.

"भीती मोजणार? कशात गं, लिटरात?" सासूबाईंनी विचारलं. त्या छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. मी जाणार होते ती शाळा त्यांचीच जुनी शाळा. तिथल्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, फोनही त्यांनीच केला होता.

"गुणांमध्ये, आई. एकशेवीसपैकी."

"म्हणजे परीक्षा!"

"छे, परीक्षा नाही. मनात येईल ती खूण करायची."

"आणि हे तू शिक्षकांना सांगणार?" असं म्हणून त्या जे हसायला लागल्या, ते चष्मा काढून पुसेपर्यंत हसत राहिल्या. मी मनात म्हटलं, जुन्या पिढीला संशोधन कळत नाही.

सोमवारी चौदा शिक्षिकांना चौदा प्रश्नावल्या दिल्या. शुक्रवारी चौदाच्या चौदा परत आल्या. एकही कागद दुमडलेला नाही, चहाचा डाग नाही, खाडाखोड नाही. अशी प्रश्नावली मी स्वतः भरली असती तरी इतकी स्वच्छ भरली नसती. घरी जाऊन आकडे घातले, विश्वासार्हता काढली. एका माणसाची चोवीस उत्तरं एकमेकांशी किती मेळ खातात, हे सांगणारा हा आकडा. जास्तीत जास्त एक येऊ शकतो. शून्य पूर्णांक आठ आला तर लोक पेढे वाटल्यासारखं तोंड करतात. माझा आला शून्य पूर्णांक नव्याण्णव!

मी धावतच मार्गदर्शक सरांकडे गेले. सर फार कमी बोलतात. त्यांनी तक्ता पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.

"अहो," ते म्हणाले, "मी सकाळी जे बोलतो ते दुपारी मलाच पटत नाही. आणि तुमच्या चौदा बाया चोवीस वेळा स्वतःशी सहमत आहेत?"

"प्रश्नावली चांगली आहे, सर."

"इतकी चांगली नसते. मूळ कागद बघा."

मी मूळ कागद टेबलावर पसरले. शेवटी 'अभिप्राय' म्हणून दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. तिथे चौदाही जणींचा 'र' एकाच बाजूला मान वेळावून उभा होता. चौदाही जणींची 'क्ष'ची गाठ एकाच वळणाची. एवढं सुंदर अक्षर मी तोवर फक्त निमंत्रणपत्रिकेवर पाहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत जाऊन मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "हे सगळं कुणी लिहिलं?"

तेरा माना एका दिशेने वळल्या. खिडकीशी चौथीच्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक, नीटनेटक्या. शाळेतली सगळी प्रमाणपत्रं, सगळे फलक, इतकंच काय, नळावरचं 'तोटी बंद करा'सुद्धा त्यांच्याच अक्षरात होतं.

"मी फेअर करून दिलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी कच्चं पेन्सिलीने लिहून माझ्याकडे दिलं होतं. बाहेर जाणारा कागद आमच्याकडे नेहमी फेअर करूनच जातो."

"पण खुणा? खुणा तरी त्यांच्याच आहेत ना?"

"हो तर. जरा एकसारख्या केल्या, इतकंच. कुणी एका ओळीत 'खूप' घाबरतंय, खालच्याच ओळीत 'अजिबात नाही'. असं धरसोडीचं बरं दिसतं का? जिचा जो मुख्य सूर होता तो मी सगळीकडे लावला. आणि ज्या फारच घाबरल्या होत्या, त्यांना एकेक घर खाली आणलं."

"खाली का?"

"अहो, मोठ्या बाईंच्या टेबलावरून जाणार ना ते कागद!"

दोन वर्षांचं माझं काम एका नीटनेटक्या बाईने शुद्धलेखनासारखं सुधारून दिलं होतं. मला रडावं की हसावं कळेना. म्हणून मी प्रश्न विचारला. शास्त्र शिकलेल्या माणसाला हे एक बरं असतं, काहीच सुचलं नाही की प्रश्न विचारता येतो.

"आणि तुमचा स्वतःचा कागद?"

बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. "बाकीच्यांचं मी नुसतं सुधारलं," त्या हळूच म्हणाल्या. "माझं मात्र सरळ खोटं लिहिलं."

मधल्या सुट्टीत जिन्याखाली, जुने बाक रचून ठेवलेल्या जागेत उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. ही मुलं त्यांच्याकडे पहिलीपासून होती. वर्ग वर सरकला की बाईही वर सरकत. मात्र नोकरीच्या सुरुवातीपासूनच गणिताच्या तासाला शेजारच्या वर्गाचे सर इकडे येत आणि बाई त्यांच्या वर्गाला भाषा शिकवत. ही अदलाबदल कुठल्याच कागदावर नव्हती, पण दोघांचं उत्तम चाललं होतं. यंदा सर निवृत्त झाले. नव्या सरांना भाषाही शिकवायची होती आणि गणितही. बाईंच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा भागाकार आला.

"आणि पुढच्या शुक्रवारी तपासणी," त्या म्हणाल्या. "साहेब नेमका गणिताचा पाठ बघणार. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलंय, पाठ नीट झाला नाही तर चौथी दुसऱ्या बाईंकडे देऊ, तुम्ही वाचनालय सांभाळा. वाईट नाहीत त्या. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं. पण तीन वर्षं ज्यांच्या नाकापासून नावापर्यंत सगळं पुसलं-गिरवलं, ती मुलं शेवटच्या वर्षी सोडायची?"

"गणिताची एवढी भीती वाटते?"

"गणिताची कसली! घरी बसून सगळी उदाहरणं सुटतात. भीती वाटते ती वर झालेल्या हाताची. उत्तर मला येतं हो. कुणी 'का' म्हणून विचारलं की पायाखालची फरशी सरकते."

हे वाक्य माझ्या चोवीस विधानांत नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि त्याहूनही लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, लगेच एक कल्पनाही सुचली. कागद सुधारता येतो. नाडी थोडीच फेअर करता येते!

सरांच्या प्रयोगशाळेत नाडी मोजणारं एक मनगटी घड्याळ होतं. दिवसभरात नाडी किती वेळा एकशेदहाच्या वर गेली, हे ते नोंदवून ठेवायचं. मी ते आठवडाभर स्वतःच्या हातावर बांधून काटेकोर तपासलं होतं. एकदाही गडबड नाही, आवाज नाही, काही नाही. तपासलं होतं ते अर्थात टेबलाशी बसून, आकडेमोड करताना. ही बारीकशी गोष्ट ध्यानात असू द्या.

"मोजल्याने भीती कमी होते का?" बाईंनी विचारलं.

"किती आहे ते तरी कळतं."

"आणि कुणाला कळणार नाही ना?"

"तुम्ही, मी आणि घड्याळ," मी छातीठोकपणे सांगितलं. "चौथ्या कुणालाही नाही!"

सोमवारपासून बाई घड्याळ बांधून वर्गात जाऊ लागल्या. मी वर्गात बसले नाही, कारण बघणारा असला की माणूस बदलतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. रोज शाळा सुटल्यावर फक्त घड्याळातला आकडा उतरवून घेत असे. सोमवारी चौदा. मंगळवारी पाच. बुधवारी चार. गुरुवारी तीन.

चौदा, पाच, चार, तीन! मी कागदावर आलेख काढला. घसरगुंडीसारखी सुंदर रेघ खाली आली होती. नुसतं मोजल्याने भीती उतरते! याचा मोठा लेख होईल, त्यावर कुणीतरी मला व्याख्यानाला बोलावील, तिथे मी काय नेसून जाईन, इथपर्यंत माझा विचार पोहोचला.

गुरुवारी बाई मात्र घड्याळ देताना म्हणाल्या, "वर्ग फार शांत झालाय हो या आठवड्यात. मला बरं वाटायला हवं. वाटत नाहीये."

"आकडे उत्तम आहेत, बाई. आकड्यांवर विश्वास ठेवा."

घरी मी सासूबाईंनाही सांगितलं, अर्थात कुणाचा वर्ग ते न सांगता. त्या भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"चौथीचा वर्ग? आणि चार दिवस शांत?"

"हो."

"अगं, डॉक्टरला दाखवा त्या पोरांना!"

शुक्रवारी साहेब आले. मी मोठ्या बाईंच्या खोलीत बसले होते. ते उंच, सावकाश चालणारे गृहस्थ होते. आल्यावर त्यांनी हजेरीपटाआधी खिडकीबाहेरचं झाड न्याहाळलं. त्यांना पक्ष्यांचा नाद होता असं मोठ्या बाईंनी माझ्या कानात सांगितलं. गेल्या तपासणीत म्हणे एक अख्खा तास ते घरटं बघत बसले होते आणि सहावीचा पाठ तपासणीतून सुटला होता. मग मोठ्या बाईंनी "या आमच्याकडे संशोधन करतात" अशी माझी ओळख करून दिली. साहेब म्हणाले, "मग चला की वर्गात." नाही कसं म्हणणार? मी, साहेब आणि मोठ्या बाई शेवटच्या बाकावर दाटीवाटीने बसलो. चौथीचा बाक चौथीच्याच मापाचा असतो.

चौतीस मुलं. चौतीस सरळ पाठी. बाईंनी फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: सतरा चेंडू, पाच मुलं.

"प्रत्येकाला किती?"

"तीन! बाकी दोन!" वर्ग एका आवाजात ओरडला.

आणखी चार उदाहरणं झाली. चारही बरोबर. मोठ्या बाईंचा चेहरा हळूहळू फुलायला लागला. मीही मनातल्या मनात माझी घसरगुंडी आठवत होते.

साहेबांनी घसा साफ केला. "छान. कुणाला काही विचारायचंय?"

चौतीस माना खाली.

"काहीसुद्धा नाही? न समजलेलं? किंवा समजलेलं, पण न पटलेलं?"

माना आणखी खाली. एका लांबटांग्या मुलाचा उजवा हात आपोआप वर निघाला होता. शेजारणीने तो धरून खाली ओढला. साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. आम्ही इतके खेटून बसलो होतो की मला वाचावंच लागलं. 'मुले दबलेली आहेत. शिक्षिकेचा धाक.'

धाक! त्या बाईंचा! मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनीही ते वाचलं होतं. फुललेला चेहरा मिटला. वाचनालयाची किल्ली त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावी. बाईंना मागचं काही दिसत नव्हतं, पण वर्गाच्या पोटात काहीतरी बिघडलंय हे त्यांना समोरून कळत होतं. त्यांच्या हातातला खडू थांबला.

टीं-टीं!

मी जागच्या जागी गार झाले. आवाज घड्याळाचा होता. ते वाजतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं! नाडी एकशेदहाच्या वर गेली की ते खणखणीत वाजत होतं, आणि टेबलाशी बसलेल्या माझ्या नाडीने त्याला आठवडाभर तशी संधीच दिली नव्हती. बाईंना वाटलं असणार, मोजायचं म्हणजे ते वाजणारच, आणि कशाने वाजतं हे मुलांना थोडंच कळणार. म्हणजे सोमवारपासून बाईंच्या भीतीची दवंडी भर वर्गात पिटली जात होती, आणि ती पिटणारी मी!

"हे काय वाजलं?" साहेबांनी विचारलं.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी ताडकन उठली. "पक्षी आहे, सर!"

साहेबांचं पेन खाली पडलं. "पक्षी? कुठे?"

"खिडकीबाहेर. बारीक आहे. दिसत नाही."

साहेब दोन ढांगांत खिडकीशी. "दोन सूर, एकाच पट्टीत. असा इकडे मी ऐकला नव्हता. रोज येतो?"

"रोज नाही, सर," मधल्या बाकावरून एकाने मदत केली. "फक्त गणिताच्या तासाला येतो."

"गणिताच्या तासाला?"

"भागाकार सुरू झाला की."

टीं-टीं! टीं-टीं!

"श्श!" साहेब खिडकीतून अर्धे बाहेर वाकले. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. "किती वेळा ओरडतो? कुणी मोजलंय का?"

हा प्रश्न त्या वर्गाला विचारायला नको होता. मोजलंय का! दोन वेण्यांची मुलगी अभिमानाने वही घेऊन धावली. शेवटच्या पानावर रंगीत पेन्सिलीने काढलेला स्तंभालेख होता. चौकोन मोजून, पट्टीने आखून, खाली वार लिहून. सोमवार चौदा. मंगळवार पाच. बुधवार चार. गुरुवार तीन. माझ्या आलेखापेक्षा स्वच्छ!

"वा!" साहेब म्हणाले. "पण सोमवारनंतर एकदम कमी का झाला?"

"आम्ही हात वर करायचं बंद केलं ना, म्हणून," मुलगी म्हणाली. आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वर्गात अशी शांतता पसरली की बाहेर खरा पक्षी असता तर तो दचकला असता.

"तुम्ही हात वर केलात की पक्षी ओरडतो?" साहेबांनी सावकाश विचारलं.

बाईंनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. हात झटकले. बाही वर केली.

"साहेब, झाडावर काही नाही. पक्षी मीच."

टीं-टीं! घड्याळाने दुजोरा दिला.

त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. नाडीचं, घड्याळाचं. माझं नाव मात्र घेतलं नाही. साहेबांकडे बघून सांगायला सुरुवात केली होती, पण निम्म्यावर त्या वर्गाकडे वळल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं, हे कशाने वाजतं?"

दोन वेण्यांची मुलगी बाकाच्या कडेला नखाने खरवडत म्हणाली, "माझ्या आजोबांना पण डॉक्टरांनी असलंच दिलंय. छातीत धडधडलं की वाजतं. मग आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मी मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं, की बाईंना विचारायचं नाही. त्रास होतो."

"म्हणून चार दिवस कुणी काही विचारलं नाहीत?"

चौतीस माना हलल्या. लांबटांग्या म्हणाला, "माझ्याकडं अकरा प्रश्न साठलेत, बाई."

बाई खुर्चीत बसल्या. मला वाटलं, झालं, आता रडणार. मीच त्यांच्या आधी रडेन अशी चिन्हं होती. पण त्या बसल्या, एकदा पाणी प्यायल्या आणि उठल्या.

"सगळे हात वर करा," त्या म्हणाल्या. "ज्यांच्याकडे प्रश्न आहेत ते सगळे. वाजलं तर वाजू दे."

एक, दोन, पाच, बावीस! टीं-टीं, टीं-टीं, टीं-टीं! घड्याळ पिसाळलं. बाईंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मुलीची वही मागून घेतली, फळ्यावरचे चेंडू पुसले आणि आपल्याच भीतीचे चार आकडे लिहिले.

"चार दिवसांत एकूण किती?"

"सव्वीस!"

"चारही दिवशी सारखीच घाबरले असते, तर रोज किती वेळा?"

"सहा! बाकी दोन!"

लांबटांग्याचा हात कानाला चिकटून वर. "बाई, ते दोन उरले त्यांचं काय? मी सोमवारी पण विचारलं होतं."

"विचारलं होतंस," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, बाकी लिहायची आणि पुढे जायचं. कारण मला ते लिहिता येतं, सांगता येत नाही." टीं-टीं! "आजही येत नाही. आपण बघू या का? दोन टीं-टीं आहेत आणि दिवस चार आहेत. सगळ्यांना सारखं द्यायचंय. काय कराल?"

"दोन दिवसांनाच द्यायचे."

"मग उरलेले दोन दिवस रुसतील!"

"टाकून द्यायचे."

"बाईंचे आहेत, टाकायचे कसे?"

गलका सुरू झाला. चार दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. कुणी बाकावर गुडघे टेकून, कुणी आडवं होऊन भांडत होतं. शेवटी दोन वेण्यांची मुलगी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणाली, "अर्धं-अर्धं करायचं! प्रत्येक दिवसाला साडेसहा!"

"पण अर्धं टीं-टीं कसं असेल?" हे विचारलं साहेबांनी. ते खिडकीतून केव्हा परत आले ते मला कळलंही नव्हतं.

मुलीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "टीं," ती म्हणाली.

वर्ग हसला. साहेब हसले. बाई हसता हसता खुर्चीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्या हसण्यानेच बहुधा घड्याळ पुन्हा वाजलं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा एकोणीस हात अजून वरच होते.

साहेबांनी शेरा लिहिला. मोठ्या बाईंनी तो त्यांच्या खोलीत आम्हा दोघींसमोर वाचला, आधी मनात आणि मग मोठ्याने. धाकाची ओळ खोडली होती. खाली लिहिलं होतं: 'मुले प्रश्न फार विचारतात. पाठ वेळेत पूर्ण झाला नाही. उर्वरित पाठ पुढील भेटीत याच शिक्षिकेने याच वर्गावर पूर्ण करावा.'

"पाठ अपुरा," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझ्या शाळेला असा शेरा कधी आला नव्हता."

"हो, बाई," चौथीच्या बाई म्हणाल्या.

"पुढची भेट वर्षाच्या शेवटी असते."

"हो, बाई."

"म्हणजे तोपर्यंत वर्ग बदलता येणार नाही." मोठ्या बाईंनी वही मिटली आणि वाचनालयाची किल्ली परत खिळ्याला लावली. "जा आता. तिकडे नुसता गोंधळ चाललाय!"

बाई जवळजवळ धावतच गेल्या. त्या दिवसाचा आकडा मी संध्याकाळी उतरवला. एकतीस! तक्ता घेऊन सरांकडे गेले.

"सुधारणा की बिघाड?" सरांनी विचारलं.

"दोन्ही, सर."

"दोन्हीला रकाना नाही."

"आखावा लागेल, सर."

घड्याळाचा आवाज बंद करायचा असेल तर बाजूचं बटण तीन सेकंद दाबायचं असतं. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर आहे. आठवड्याभराने मी बाईंची माफी मागून म्हटलं, "आता करून देते बंद."

"नको," त्या म्हणाल्या. "मुलांचा हिरमोड होईल. हल्ली ज्याच्या प्रश्नाला घड्याळ वाजतं, त्याला मधल्या सुट्टीत मान असतो. कालच्या प्रश्नाला वाजलं नाही म्हणून एक जण रडवेला झाला होता. मी अजून घाबरतेच हो. फक्त आता आम्ही सगळे मिळून मोजतो."

महिन्याभराने बाई दोन दिवस प्रशिक्षणाला गेल्या आणि मोठ्या बाईंनी चौथीचा गणिताचा तास मला घ्यायला सांगितलं. मी आनंदाने गेले. गणिताला मी काय घाबरणार! मुलांनी आधी घड्याळ माझ्या हातावर बांधलं, आणि मग चाळीस मिनिटं माझ्यावर प्रश्नांचा मारा केला. शून्याला शून्याने भागलं तर? सगळ्यात मोठी संख्या कोणती? बाकी भाजकापेक्षा मोठी का नसते? एकेका प्रश्नाला मी अर्ध्या मिनिटात, नेमकं, पूर्ण उत्तर दिलं. घड्याळ एकदाही वाजलं नाही. मला माझा फार अभिमान वाटला.

तास संपल्यावर दोन वेण्यांच्या मुलीने वही उघडली, माझ्यासाठी वेगळा स्तंभ आखला आणि त्याच्याखाली लिहिलं: शून्य. ती बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिली. मग तिने वही मिटली आणि माझ्या हातावर हलकेच थोपटलं.

"जाऊ दे, मॅडम," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कुणालाच जमत नाही."